बारा खाटांवरचं माझं नाव

शमुवेल बोर्डे यांनी मला फसवलं. माझ्याच मालात, माझ्याच नावाने फसवलं, आणि मला ते कळलं तेव्हा ते मातीखाली होते. चंदीगडमध्ये मी पंचवीस वर्षं जुन्या सामानाचा धंदा करतो. बदली झालेल्या माणसाचं सामान घ्यायचं, बदलून आलेल्याला विकायचं. या व्यवहारात मला आजवर कुणी गंडवलं नाही. गंडवलं ते या शमुवेलभाऊंनी, ज्यांना भाजीवाल्याशी घासाघीस करता येत नव्हती, आणि ज्यांना मी शेवटच्या भेटीत नको ते बोललो होतो.

बातमी आली तेव्हा मी मोहालीत एका सोसायटीच्या सातव्या मजल्यावर होतो. नागपूरकडची एक मुलगी आयटी पार्कमधली नोकरी सोडून बंगलोरला निघाली होती, तिचं कपाट आणि वॉशिंग मशीन बघत होतो. दाराचं रबर कसं सैल पडलंय हे तिला दाखवत असताना सुगंधावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले. सकाळी दाढी करताना खुर्चीतच…" मी "बरं" म्हणालो. फोन खिशात टाकला आणि त्या मुलीला म्हणालो, रबर बदलावं लागेल, भाव कमी करा. आणखी दोन-तीन मिनिटं मी बोलत राहिलो. तोंडाला सवय असते. शेवटी तीच म्हणाली, "काका, तुम्ही बसता का जरा? पाणी देऊ?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्या मशीनला धरून उभा आहे. आमचं तीन महिने बोलणं नव्हतं.

माझा जन्म नगर जिल्ह्यातला, मिशनच्या आवारातल्या क्वार्टरमधला. वडील शाळेचे पहारेकरी. अंगावर कुणाचे तरी उतरलेले कपडे, वह्या कुणी तरी दिलेल्या. नाताळात आम्हा पोरांना रांगेत उभं करायचे. पुडकं हातात आलं की मोठ्याने "आभारी आहे" म्हणायचं. हळू म्हटलं तर पुन्हा म्हणायला लावायचे. एका वर्षी माझ्या पुडक्यात मुलीचा फ्रॉक निघाला. तरी म्हणालो, आभारी आहे. दोनदा म्हणालो, कारण पहिल्यांदा आवाज बसला होता. त्यानंतर मी फुकट काही घेतलं नाही. चंदीगडला आलो ते एका लष्करी अधिकाऱ्याच्या सामानाच्या ट्रकबरोबर, त्यांचं सामान उतरवायला, आणि इथेच राहिलो. गोदाम उभं केलं ते माझ्या पाठीवर. हे सगळं सांगतो आहे कारण शमुवेलभाऊंना हे माहीत होतं. फ्रॉकची गोष्ट मी आयुष्यात दोनच माणसांना सांगितली. एक माझी बायको, दुसरे भाऊ.

भाऊ हवाई दलात रंगकाम करायचे. विमानांच्या अंगावर आकडे आणि अक्षरं रंगवण्यात नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर ते सेक्टर ३२ मध्ये, मोठ्या हॉस्पिटलाजवळ, भाड्याने राहिले. आमची मराठी मंडळी इथे मूठभर. लष्करातली, हवाई दलातली कुटुंबं, अलीकडे आयटीतली मुलं, ज्यांची पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात. महिन्यातून एका रविवारी, हिंदी उपासना आटोपली की हॉल आम्हाला मिळतो. हंगामाच्या सणाला प्रत्येकाने घरून काही आणून वेदीपुढे मांडायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा, ही गावाकडची रीत आम्ही इथेही चालवतो. वस्तू किमतीपेक्षा चढ्या भावाने घ्यायची असते, आणि मन मोठं असेल तर घेतलेली पुन्हा मांडायची असते. मी गावाकडे हे लहानपणी बघितलेलं, पण बोली लावायची ऐपत आली ती इथेच. पहिल्या वर्षी एका भोपळ्यावर बोली चढायला लागली, तसा मी उठून म्हणालो, देठाकडे मऊ पडलाय, एवढा भाव होत नाही. हॉल हसला. पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. मागच्या बाकावरून एका उंच माणसाने भाव चढवत नेला, भोपळा घेतला आणि सरळ आणून माझ्या हातात दिला. "घे, शेठ. मऊ बाजू खाली धर."

"मला फुकट नको," मी म्हणालो.

"मग परत मांड."

मी मांडला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा माझ्या हातात दिला. असं तीन वेळा झालं. चौथ्यांदा मी चिडून तो स्वतः घेतला, दिवसभरातल्या सगळ्यात चढ्या भावाने. घरी कापला तर खरंच मऊ निघाला.

आमचा वाद त्या भोपळ्यापासून सुरू झाला. उपासना संपली की भाऊ हॉलबाहेरच्या कठड्यावर बसायचे, मी स्कूटर लावून समोर उभा. विषय एकच. माणसाचं तारण कशाने होतं, विश्वासाने की सत्कर्मांनी? त्यांचं म्हणणं ठरलेलं. तारण ही देवाची कृपा आहे, विश्वासाने हात पुढे करायचा, बस. कर्म करून ती कमावता येत नाही. माझं म्हणणं, मग मेहनत करणाऱ्याने काय करायचं? शास्त्रातल्या त्या क्रुसावरच्या चोरावरून तर मी दर वर्षी भांडलो. आयुष्यभर चोऱ्या, शेवटच्या तासाला एक वाक्य, आणि थेट सुखलोक. माझ्या गोदामात संध्याकाळी पाच वाजता येऊन कुणी सकाळपासूनची मजुरी मागितली तर मी त्याला दारात उभा करणार नाही.

"म्हणून तर देव तू नाहीस," भाऊ म्हणायचे, "आमचं नशीब."

"फुकट मिळणाऱ्या वस्तूत खोट असतेच, भाऊ."

"मग खोट काढ. इतकी वर्षं वस्तू उलटून बघतोयस, हीही बघ उलटून."

मला राग यायचा तो याचा, की ते कधी चिडायचे नाहीत. मी मात्र आवाज चढवायचो, स्कूटरच्या सीटवर हात आपटायचो. एकदा वहिनी आतून म्हणाल्या, "भाऊजी, स्वर्गात तुम्हाला घेतलं तरी तुम्ही दारावर भाव विचाराल." भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ते हसणं मला आता रविवारी ऐकू येतं… ऐकू येतं म्हणजे, कठड्याकडे बघितलं की येतं.

मागच्या हिवाळ्यात ते माझ्या गोदामात आले. एका अधिकाऱ्याकडून घेतलेल्या बारा फोल्डिंग खाटा कोपऱ्यात धूळ खात होत्या. आता अशा खाटा कुणी घेत नाही. भाऊंनी त्या उघडून बघितल्या, विणलेल्या पट्ट्यांची निवार दाबून बघितली आणि विचारलं, "काय घेशील?" मी मुद्दाम जास्त सांगितलं, कारण त्यांनी पाडून मागावं, मी थोडं सोडावं, ही माझी मजा. ते "बरं" म्हणाले. मी चक्रावलो. "कशाला हव्यात?"

"आहे एक काम."

"भाऊ, भाव तरी करा."

"तू सांगितलास ना, मग झालं."

त्या दिवशी मी घरी खुशीत गेलो. पडून राहिलेला माल गेला होता. मनात एक टोचणीही होती, पण ती वेगळी. मला वाटलं, भाऊ हॉस्पिटलच्या बाहेर नातेवाइकांना खाटा भाड्याने देणार आणि मला सांगत नाहीत. मित्र असून लपवतात.

मग आला यंदाचा हंगामाचा सण. मी हॉलला एक शिसवी बाक दिला. जुना होता, पण पॉलिश करून नवा केलेला. पाठीवर माझं नाव रंगवायचं मी भाऊंनाच सांगितलं, त्यांच्यासारखं अक्षर अख्ख्या चंदीगड-मोहालीत नाही. पंख्यांवर, बाकांवर देणाऱ्याचं नाव घालायची आपल्याकडे पद्धतच आहे. ते उकिडवे बसून लिहीत होते, 'देवदान गायकवाड, मोहाली'. आधी खडूची रेघ मारली नाही, मोजलं नाही. मी म्हणालो, रेघ तरी मारा, वाकडं जाईल. ते म्हणाले, "तुझं नाव लिहायला माझा हात बसलाय, शेठ." मग ब्रश डब्यात बुडवत, "एवढं मोठं कशाला पण? देवाची नजर चांगली आहे."

मंडळी आजूबाजूला होती. कुणीतरी हसलं. माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, "तू बोलू नकोस. पंचवीस वर्षं विश्वास विश्वास करतोस, या हॉलला कधी एक स्टूल दिलंस? फुकट्या आहेस तू. इथेही फुकट, वरही फुकट." पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरे-तुरे केलं होतं. भाऊंनी 'मोहाली'चा शेवटचा वेलांटीचा फराटा पूर्ण केला. ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याला पुसला, डब्याचं झाकण दाबून बसवलं. "वाळेपर्यंत टेकू नको," एवढंच म्हणाले आणि गेले. पुढच्या दोन रविवारी मी त्या कठड्यासमोरून मान खाली घालून गेलो. नंतर गेलोच नाही. माफी मागायची म्हणजे कुणाकडे तरी फुकट काहीतरी मागायचं, आणि ते मला जमत नाही.

दफन झाल्यावर तीन आठवड्यांनी दुकानासमोर एक रिक्षा थांबली. हिमाचलातल्या ऊनाकडची एक बाई उतरली, बरोबर दुमडलेली फोल्डिंग खाट आणि कापडात बांधलेली गुळाची ढेप. "सेठजी, आपकी मंजी लौटानी थी." मी म्हणालो, ही खाट माझी नाही. तिने खाट उलटी केली. खालच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'देवदान गायकवाड, मोहाली', आणि खाली दुकानाचा पत्ता. रेघ न मारता, सरळ. तेच अक्षर.

तिचा नवरा हॉस्पिटलात दोन महिने होता. ती बाहेर व्हरांड्यात फरशीवर झोपायची. एक उंच बाबाजी रोज सकाळी यायचे, नवीन आलेल्या बाईमाणसाला खाट उघडून द्यायचे, निवार सैल झाली असेल तर तिथेच बसून ओढायचे. म्हणायचे, मोहालीच्या सेठजींनी पाठवल्यात, काम झालं की त्यांच्याकडे पोचवा.

"मैंने नहीं भेजी," मी म्हणालो. बहुतेक ओरडलो. "मैंने तो बेची थी."

ती हसली. "बाबाजी ने बोला था, आप यही बोलोगे." गूळ काउंटरवर ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असेल. नवरा आता चालायला लागलाय, हे तिने जाताना सांगितलं. मी विचारलंही नव्हतं.

मी खाट गाडीत टाकून तडक वहिनींकडे गेलो. त्या गहू निवडत होत्या. खाट बघून त्यांना काही सांगावं लागलं नाही. "कधीपासून चाललं होतं हे?" मी विचारलं.

"तुमच्याकडून आणल्या त्याच दिवशी नावं घातली, रात्रभर वाळवल्या होत्या गच्चीवर. बाराही."

म्हणजे मी त्यांना फुकट्या म्हणालो, तेव्हा माझ्या नावाच्या बारा खाटा हॉस्पिटलात उघडलेल्या होत्या. आणि ते माझ्यापुढे उकिडवे बसून तेराव्यांदा तेच नाव लिहीत होते.

"मला सांगायचं तरी, वहिनी. विचारायचं तरी."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी म्हटलं होतं त्यांना, विचारा. तर म्हणाले, देवदानला विचारून दिलं तर तो घेणार नाही. त्याच्या नकळत द्यावं लागेल." मग पुन्हा गहू निवडायला लागल्या. "तुमच्यावर रागावले नव्हते हो ते. त्या सणावरून आले ते मला म्हणाले, बाक चांगला आहे."

आजवर पाच खाटा परत आल्यात. एकीबरोबर मुळ्यांची जुडी, एकीबरोबर नुसता नमस्कार. मी प्रत्येक वेळी सांगतो की मी दिल्या नाहीत, आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस, हे त्याला आधीच सांगितलेलं असल्यासारखा, मान हलवतो. परवा मी टर्पेंटाइन आणि फडकं घेऊन गोदामात बसलो होतो, नाव पुसून टाकायचं म्हणून. पहिल्या अक्षरावर फडकं ठेवलं… आणि उचललं. त्या हाताचं अक्षर आता कुठेच नवीन उमटणार नाही. काल पाचही खाटा गाडीत घालून सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात नेल्या आणि व्हरांड्यात उघडून आलो. एकीची निवार सैल होती. मला ती ओढता येईना, अर्धा तास लागला. सगळे "सेठजी, सेठजी" करत होते.

तेव्हा भाऊ, आता सरळ बोलू. कर्मांना काही किंमत नाही, असं तुम्ही मला पंचवीस वर्षं सांगितलंत. मग रोज सकाळी तिथे जाऊन काय करत होतात? आणि किंमत असेल, तर ती माझ्या नावावर का टाकलीत? दोन्ही एकदम चालणार नाही. न्यायाच्या दिवशी त्या बारा खाटा माझ्या म्हणून पुढे आणल्या, तर मी भर सभेत उठणार आहे, भोपळ्याच्या वेळी उठलो तसा, आणि म्हणणार आहे, हा माल माझा नाही, आधी शमुवेल बोर्डेंना बोलवा. मी तुम्हाला काय म्हणालो होतो तेही सगळ्यांसमोर सांगेन. मग तुम्ही माझ्या तोंडावर सांगा, मला न विचारता हे का केलंत. उत्तर मिळेपर्यंत मी आभार मानणार नाही. हळू आवाजातसुद्धा नाही.