मेंढवाड्यातलं पोतं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात सात बुकं शिकलेला मी एकटाच, तेव्हा विश्वास न ठेवण्याचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. तरी हे लिहितोय...

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदेच्या उताराजवळ, म्हणजे नदी पायी ओलांडता येते तिथं, चार-पाच उन्हाळ्यांमागे हैदराबादेहून एक साहेब जुनी हाडं उकरायला आले होते. त्यांची उर्दू गड्यांना आणि गड्यांची मराठी त्यांना कळेना, म्हणून शाळेत उर्दू शिकलेल्या मला दुभाष्या ठेवलं; तेव्हापासून दादा मला मुन्शीच म्हणतो. दोघांनाही थोडं थोडं चुकीचं सांगून मी काम नीट चालवलं.

हाडं कसली — दगडच झाली होती. हरणांची, रानबैलांची. दातांची झीज पाहून साहेब सांगत, ही सगळी जनावरं वर्षाच्या एकाच हंगामात मेली. म्हणजे माळावरचं पाणी आटलं की कळप दरसाल इथंच नदी ओलांडायचे, आणि माणसं दबा धरून बसायची. हाडांवरचे गारगोटीच्या सुरीचे ओरखडेही दाखवत. पण एवढी जनावरं मारली कुठं, ती जागा काही सापडत नव्हती.

एकदा साहेब परभणीला गेले, आणि हाडांचं पोतं माझ्या हवाली केलं. गावातली पोरं खेळायला दात पळवत. म्हणून मी ते सगळ्यांत राखणीच्या जागी ठेवलं — आमच्या थोरल्या दादाच्या मेंढवाड्यात. मेंढवाड्यात हाड आणायचं नाही, ही आमच्यातली रीत. पण हा तर दगड! दादाला विचारलंच नाही. शिकल्याचा एवढा तरी फायदा.

दिवस कलताना मेंढरं चरून आली, वाड्याशी थबकली, आणि एकदम उधळली. उतारातून नदीपार गेली नि पलीकडच्या एका बंद घळीत शिरली. त्या अंगाला लांडगे फार. दादाचा सगळा संसार त्या कळपावर. आम्ही दोघं मागोमाग पळालो.

घळीच्या टोकाला मेंढरं एकमेकांना चिकटून थरथरत उभी होती. दादानं हाळी दिली, पुढारी मेंढीला कान धरून ओढलं. एक हलेना.

"मुन्शी," दादा हळूच म्हणाला, "ही आपल्याकडं बघनात. आपल्या मागं बघायलीत."

मी वळून पाहिलं. घळीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. साधं झुडूपसुद्धा नव्हतं.

"वाड्यात काय ठिवलास?"

सांगितलं. म्हटलं, "पण ती हाडं न्हाईत दादा, दगड हायत."

"मंग ते मेंढरायला सांग. दुभाष्या हायस न तू?"

मी परत निघालो. घळीच्या तोंडातून एकट्यानं जाताना मारुतीचं नाव घेतलं — सवय म्हणून, विश्वास म्हणून नव्हे. पोतं वाड्यातून उचललं, साहेबांच्या खड्ड्यात ठेवून वर माती लोटली. वळतो तो दादा नदीतून येतोय आणि मागं कळप. त्यानं काहीच केलं नव्हतं म्हणे; मेंढरं आपणहून निघाली.

साहेब आल्यावर मी त्यांना घळ दाखवली, त्यांनी ती खणली. आत हाडांचा खच. त्यांवर तेच ओरखडे. साहेब भलते खूश. जागा कशी हेरली विचारलं. मेंढरांनी दाखवली म्हटल्यावर पोट धरून हसले, आणि हसता हसता थांबले.

"किधर देख रही थीं?"

मी घळीच्या तोंडाकडे बोट केलं. जनावरं आत कोंडून शिकारी तिथंच उभे राहत असणार, साहेब म्हणाले, आणि पुढं हसले नाहीत.

लांडग्याचा वास, उन्हाचा ताप — सगळी कारणं लावून पाहिली. एकही बसत नाही. विश्वास मात्र माझा अजून नाही. दादा आजही मेंढवाड्यात घेण्याआधी माझी पिशवी झाडायला लावतो. मी झाडतो. आणि त्यानं न सांगताच खिसेही उलटे करतो.