एकही खिळा नसलेलं शेत

त्या प्रकरणाला आता बरीच वर्षं झाली, पण लाल मातीचा तो तुकडा मला अजून जसाच्या तसा आठवतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका काउंटीच्या शेरीफ ऑफिसमध्ये मी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा डिटेक्टिव्ह म्हणून. मारामाऱ्या, चोऱ्या, दोन खून हाताळले. हे प्रकरण त्यांच्यापुढे किरकोळ. तरीही लिहायला बसले की हेच आधी समोर येतं, कारण यात मी पहिले दोन दिवस चुकीच्या माणसावर संशय घेत होते.

आमच्या काउंटीत फार पूर्वी सोन्याच्या खाणी होत्या. आता तिथे पाइनची झाडं, गाईंची कुरणं आणि तारेचं कुंपण घातलेले बुजलेले खड्डे आहेत. शनिवार-रविवारी काही हौशी लोक मेटल डिटेक्टर घेऊन येतात, जागेच्या मालकाची परवानगी काढतात आणि दिवसभर जमीन हुंगत फिरतात. बहुतेकांना गंजलेलं लोखंड मिळतं. एखाद्याला कधीतरी तांदळाच्या दाण्याएवढं सोनं मिळतं आणि तो वर्षभर तेवढंच सांगत राहतो.

सोमवारी सकाळी मॉरिसव्हिलहून आईच्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांना मी लहानपणापासून काकू म्हणते.

"तू कामात आहेस का गं?"

"कामातच असते काकू. बोला."

"तुझ्या काकांना सोनं सापडतंय."

मी पेन खाली ठेवलं. काका आयटीतून नुकतेच निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे, हिशेबी स्वभावाचे. चार शनिवार ते आमच्या काउंटीतल्या एका शेतावर जात होते आणि सात तुकडे घेऊन आले होते. सगळ्यात मोठा वाटाण्याएवढा. काकूंनी तो देवघरात ठेवला होता.

"मग चांगलं आहे की."

"काय चांगलं? राहतं घर विकायला काढलंय. शुक्रवारी अकरा वाजता वकिलाकडे क्लोजिंगच्या सह्या आहेत, इकडचं घर द्यायचं आणि ते शेत घ्यायचं. मला सांगतात, कोणाला बोलू नकोस. का बोलू नको? चांगल्या गोष्टीला कोण लपवतं?"

हा प्रश्न मी नोकरीत असंख्य लोकांना विचारला होता. काकूंना तो न शिकवता सुचला.

काकांना हा नाद लावणारा माणूस त्यांच्या शेजारच्या कॅरी गावात राहत होता. चाळिशीचा, पुण्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. तिकडच्या मराठी मंडळींना तो डिटेक्टर चालवायला शिकवायचा, म्हणून सगळे त्याला गुरुजी म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मी सार्जंटला सगळं सांगितलं, फिर्याद करणारी बाई आईची मैत्रीण आहे हेही सांगितलं. तो म्हणाला, "कोणाचं काही गेलंय का?"

"शुक्रवारी जाईल असं वाटतं."

"मग शुक्रवारपर्यंत बघ. ओळखीचे आहेत हे रिपोर्टमध्ये लिही आणि जबाब घेताना पार्टनरला बरोबर बसव."

जमिनीत सोनं पेरून ती विकायची, ही खाणींच्या मुलखातली जुनीच लबाडी आहे. अशा वेळी पहिला संशय जमीन विकणाऱ्यावर जातो. विकणारा होता एक म्हातारा शेतकरी, एकटा राहणारा. मंगळवारी आधी गुरुजींना फोन केला. शेरीफ ऑफिसमधून बोलतेय असं इंग्रजीत सांगितलं, तर पलीकडून मराठीत उत्तर आलं.

"अरे ताई, तुम्ही! काकू नेहमी सांगतात तुमच्याबद्दल. परवानगीची पीडीएफ आत्ता पाठवतो. सगळं लेखी आहे. फक्त एक रिक्वेस्ट, म्हाताऱ्याला आत्ता भेटू नका. जरा विचित्र आहे तो. उगाच बिथरेल आणि काकांचं डील कॅन्सल करेल."

दोन मिनिटांत पीडीएफ आली. मी मनात म्हटलं, व्यवस्थित माणूस आहे. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पोलिसांचा फोन आला की निर्दोष माणूस आधी विचारतो, "काय झालं?" गुरुजींनी ते विचारलंच नव्हतं. एखाद्या अनोळखी गोऱ्या माणसाने असं केलं असतं तर मी ते लगेच वहीत टिपलं असतं. यांनी ताई म्हटलं आणि माझा हात थांबला.

म्हाताऱ्याकडे गेले. त्याने जाळीचं दार उघडलंही नाही.

"तुमच्या शेतात सोनं आहे का?"

"नाही."

"कोणाला सापडलंय?"

"तिथे माझ्या आजोबांची गिरणी होती. जळली. खिळ्यांशिवाय काही नाही तिथे."

"आम्ही बघितलं तर चालेल?"

"बघा. गाय बाहेर सोडू नका."

एवढं बोलून तो आत गेला. नजरेला नजर देत नाही, बोलायचं टाळतो, सोन्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करतो. गाडीत बसून मी वहीत लिहिलं: काहीतरी लपवतोय. पुढे ते पान सरकारी वकिलाने वाचलं तेव्हा मला ओशाळल्यासारखं झालं.

बुधवारी सकाळी पार्टनरला घेऊन शेतात गेले. हरणांच्या शिकारीचे दिवस होते, म्हणून दोघांनी नारिंगी जाकिटं घातली होती. ऑफिसचा डिटेक्टर बरोबर होता. गोळीबार झाला की पुंगळ्या शोधायला आम्ही तो वापरतो, त्यामुळे माझा हात बसलेला होता. काकांनी काकूंना फोटो पाठवले होते, त्यांवरून खोदलेली जागा सहज सापडली. मी हेडफोन लावून फिरायला लागले.

मशीन गप्प होतं.

बॅटरी तपासली. बुटाच्या टाचेजवळ नेलं तर ओरडलं. पुन्हा जमिनीवर फिरवलं, पुन्हा शांत. एक तास मी ती जागा विंचरली. काही नाही. कंटाळून कुंपणाकडे परत निघाले आणि पंधरा पावलांवर मशीन कोकलायला लागलं. खिळा. हातभर पुढे आणखी एक खिळा, मग पत्र्याचा तुकडा, काडतुसाचं पितळ. चारही बाजूंना तेच. मधला टेनिस कोर्टाएवढा तुकडा तेवढा मुका होता.

पार्टनर म्हणाला, "तिथे काही नाही म्हणजे सोनं संपलं असेल."

"सोनं नाही हे ठीक आहे. खिळे कुठे गेले?"

अख्खी गिरणी जळलेली जागा. लाकूड जळतं, खिळे खाली पडतात आणि शंभर वर्षं तिथेच राहतात. नवशिक्या माणसाला अशा जागी सोनं मिळायच्या आधी दोन महिने नुसतं लोखंड उपसावं लागतं. काकांना पहिल्याच शनिवारी सोनं मिळालं. त्यांना दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून कोणीतरी आधी येऊन जमीन निवडून ठेवली होती, तांदूळ निवडतात तशी.

म्हातारा हे करू शकत नव्हता. त्याला दारापर्यंत यायलाही भिंतीचा आधार लागत होता. मी पुन्हा त्याच्या दाराशी गेले आणि या वेळी नीट प्रश्न विचारला.

"शनिवारी येणाऱ्या त्या गृहस्थांच्या आधी शेतात कोण येत होतं?"

"तुझ्यासारखाच एक इंडियन. गोड बोलणारा. जमीन त्यालाच विकतोय ना मी."

"त्याला?"

"कागद आहे." त्याने फ्रीजवर लावलेला करार आणून जाळीतून दाखवला. गुरुजींनी ते शेत साध्या कुरणाच्या भावात घ्यायचं ठरवलं होतं, आणि त्याच शुक्रवारी दुसऱ्या कोणालाही विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. म्हणजे काकांच्या घराचे पैसे त्यांच्याच खिशात जाणार होते. "मातीची तपासणी करतो म्हणाला. तीन आठवडे रोज सकाळी यायचा. कानाला हेडफोन लावून."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं. माती ऐकून कोण तपासतं?"

"काल का नाही सांगितलंत?"

"काल तू सोन्याचं विचारलंस."

त्याचं बरोबर होतं. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी विचारलं होतं.

दुपारी मी बोलावल्यावर गुरुजी स्वतःहून ऑफिसला आले. तुम्हाला अटक नाही, हवं तेव्हा उठून जाऊ शकता, हे मी त्यांना रेकॉर्डिंगवर सांगितलं. त्यांनी हसून "अहो ताई" असं सुरू केलं.

"इंग्रजीत बोला. माझ्या पार्टनरलाही कळलं पाहिजे."

चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण खुर्ची थोडी मागे सरकली. पहिला अर्धा तास मी सोन्याचं नावही काढलं नाही. त्यांची हौस विचारली. कोणतं मशीन, कोणती कॉइल, शिष्यांना काय शिकवता. हौशी माणसाला त्याच्या हौशीबद्दल विचारलं की तो वकील मागायचं विसरतो.

"पहिला नियम," ते म्हणाले, "खोदलेला खड्डा बुजवायचा. दुसरा, निघालेला कचरा परत जमिनीत टाकायचा नाही. घरी आणायचा. लोक टाकून देतात. मी नाही देत."

"काय करता त्याचं?"

"बादल्या आहेत गॅरेजमध्ये. प्रत्येक जागेची वेगळी. लेबल, तारीख, सगळं. टेस्टिंगवाला माणूस आहे मी. डॉक्युमेंटेशनशिवाय झोप येत नाही."

"या शेतात काकांच्या आधी कधी गेला होतात?"

"नाही. काकांबरोबरच पहिल्यांदा."

हे उत्तर मी दोनदा वदवून घेतलं, तारखेसकट. मग आभार मानून त्यांना जाऊ दिलं. पार्टनर रात्रीच झडतीच्या वॉरंटच्या अर्जाला बसला. पण तिकडे दुसऱ्या काउंटीतलं गुरुजींचं घर, मॅजिस्ट्रेट, तिकडचे पोलीस, या सगळ्याला वेळ लागणार होता. मध्ये फक्त गुरुवार होता. काकांनी शुक्रवारी सही केली असती तर नंतर गुन्हा सिद्ध होऊनही घर परत मिळालं नसतं.

गुरुवारी सकाळी काकांना शेतावर बोलावलं. ते आले ते चिडूनच.

"तुम्हा पोलिसांना सगळीकडे चोरच दिसतात. तो मुलगा माझ्यासाठी एवढं करतोय आणि तू त्याला चौकीत बसवतेस?"

"काका, शेतकऱ्याला सोन्याचं सांगितलंत का?"

ते हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी म्हणाले, सांगू नका. कळलं तर विकणार नाही."

म्हणजे काकांना वाटत होतं, म्हाताऱ्याला आपण गंडवतोय. म्हणूनच त्यांनी बायकोला गप्प बसवलं, म्हणूनच कोणाचा सल्ला घेतला नाही. मी त्यांना दोष दिला नाही, तेवढा वेळही नव्हता. मुक्या तुकड्याच्या चारही कोपऱ्यांत मी झेंड्या रोवल्या होत्या.

"मला या झेंड्यांच्या आत एक खिळा शोधून द्या."

"खिळा?"

"एकच. सापडला की मी तुमची माफी मागते आणि निघते."

काकांनी हेडफोन चढवले आणि ताठ मानेने सुरुवात केली. ओळीत गेले, ओळीत आले. वीस मिनिटांनी त्यांचा वेग कमी झाला. ते माझ्याकडे बघेनात. तासाभराने ते झेंडीच्या बाहेर गेले आणि मशीन कानात असं काही किंचाळलं की त्यांनी हेडफोन ओढून काढले. गुडघे टेकून माती उकरली. चौकोनी डोक्याचा, हाताने ठोकलेला खिळा निघाला. त्यांनी तो उचलला, आत बघितलं, बाहेर बघितलं.

"चार शनिवार," ते म्हणाले. "चार शनिवारांत मला एकसुद्धा खिळा लागला नाही. मला वाटलं, माझा हात बसला."

मग तिथेच मातीत बसून त्यांनी वकिलाला फोन लावला आणि क्लोजिंग कॅन्सल केलं. त्यानंतर काकूंना लावला. तो मी ऐकला नाही, गाडीकडे गेले.

वॉरंट संध्याकाळी निघालं. गॅरेजमध्ये बादल्या फळीवर ओळीने होत्या, एकावरही धूळ नाही. सातव्या बादलीवर या शेताचं नाव होतं आणि तारीख काकांच्या पहिल्या शनिवारच्या तीन आठवडे आधीची. आत खिळे, साखळीचे दुवे आणि एक मोठी बिजागरी. सोन्याच्या तुकड्यांच्या ऑनलाइन खरेदीच्या पावत्या लॅपटॉपवर नीट फोल्डर करून ठेवलेल्या मिळाल्या. गुरुजींनी पुरावा नष्ट केला नव्हता. कचरा टाकायचा नाही, हा नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला मी ती बिजागरी पिशवीतून म्हाताऱ्याला दाखवली. या वेळी त्याने जाळीचं दार उघडलं. प्लॅस्टिकवरूनच अंगठा फिरवत तो म्हणाला, "गिरणीच्या दाराची आहे. आजोबांनी घडवलेली. हा वाकडा कान बघ, त्यांचं सगळंच काम असं वाकडं असायचं." मग विचारलं, "परत मिळेल?"

"केस संपली की."

"मी थांबतो," तो म्हणाला.

गुरुजींनी पुढे गुन्हा कबूल केला. बिजागरी मी स्वतः नेऊन दिली.

मी काय शिकले, असं लोक विचारतात. माणूस हसत नाही, दार उघडत नाही, तुटक बोलतो, हा पुरावा नव्हे. माणूस आपल्या भाषेत ताई म्हणतो, हाही पुरावा नव्हे. मी पहिल्याचे गुण वजा केले आणि दुसऱ्याला वाढवून दिले, आणि त्यापायी एका घराचे दोन दिवस घालवले. त्यानंतर कोणत्याही जागी गेले की तिथे काय आहे हे बघून झाल्यावर काय असायला हवं होतं आणि नाही, हे मी वेगळं लिहून काढू लागले. ती सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. फार गुळगुळीत गोष्ट ऐकली की मी खिळे शोधते.

काका अजून त्या शेतात जातात. म्हाताऱ्याला सांगून, त्याच्या परवानगीने. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज येतो, आज अमुक इतके खिळे. परवा एकतीस होते. सोनं एकदाही नाही. मी वाचते आणि निश्चिंतपणे फोन बाजूला ठेवते.