मशीनची ओहोटी

आमच्या हिलरीची नोकरी कुणाला सांगायची म्हणजे पंचाईत. वसईत सगळ्यांना वाटायचं, बहारीनला इंजिनिअर आहे. कसला इंजिनिअर! माझा नवरा मनामाच्या एका सर्व्हे कंपनीत हँडल फिरवायचा. पण ते हँडल साधं समजू नका. विलायतेहून जुनं उचललेलं पितळी मशीन, कपाटाएवढं. त्यातलं प्रत्येक चाक एकेक लाट काढायचं, एक चंद्राची, एक सूर्याची, बाकीच्या आणखी कसल्या कसल्या. सगळ्या चाकांवरून एकच तार गेलेली. हँडल फिरवलं की सगळे चढउतार त्या तारेत एकत्र व्हायचे आणि पेन कागदावर रेषा ओढायचं: पाणी कधी चढणार, कधी उतरणार. घरात स्वतःचा चष्मा सापडायचा नाही त्याला, पण ही रेषा कधी चुकली नाही हो.

शहात्तर साली माझे सासरे, डॉमनिकबाबा, व्हिजिट व्हिसावर आले. पाचूबंदरचे कोळी, सगळी हयात दर्यावर. तिथीवरून भरती-ओहोटी बोटांवर सांगायचे आणि गावात ती दगडावरची रेघ. हिलरीने त्यांना मशीन दाखवलं तर बाबा हसले. "अरे, पाणी चंद्राचं ऐकतं. पितळेचं कशाला ऐकेल?" ऑफिसातल्यांनाही त्यांनी तिथीचा हिशेब शिकवला, मोडक्यातोडक्या हिंदीत. हिलरी बाजूला उभा राहून नुसता मान डोलावत होता.

घोळ तिथेच झाला. बाबांचा हिशेब वसईच्या किनाऱ्याचा. बहारीनचं पाणी त्या वेळा पाळत नाही. हे हिलरीला पक्कं ठाऊक, आणि बाबांना कुणी सांगितलेलंच नाही.

एका शुक्रवारी भल्या सकाळी एडवर्डच्या तान्हीचा बाप्तिस्मा झाला. एडवर्ड आमच्याच वसईचा, इथे हॉटेलात कामाला. त्याने हॉटेलची लाँच मागून घेतली आणि बुसैतीनच्या किनाऱ्याहून आम्हा सगळ्यांना जेवणासाठी वाळूच्या एका बेटावर नेलं. अकरा-साडेअकराला जेवणं आटोपल्यावर तो म्हणाला, "निघूया. पाणी उतरलं तर अडकू."

"बसा निवांत," बाबा म्हणाले. "आज पुनव. पाणी अजून चढायचंय."

एडवर्ड हिलरीकडे वळला. "तुझं मशीन काय म्हणतं?"

हिलरी म्हणाला, "बाबा म्हणतात तेच."

अरे देवा! मला सकाळी म्हणाला होता, दुपारच्या आत निघायला हवं. मी कोपराने ढोसलं, तर कुजबुजला, "गप बस, अ‍ॅग्नेस. एवढ्या लोकांत बाबांना खोटं पाडू? मासे विकून शिकवलंय त्यांनी मला."

पाणी गेलं. बघता बघता लाँच चिखलात बसली. संध्याकाळपर्यंत आम्ही उन्हात. प्यायचं पाणी संपलं, तान्ही रडून रडून लालबुंद. एडवर्डचा तोल सुटला. "म्हातारबुवा, ही वसई नाही! येत नाही तर बोलायचं कशाला?" सगळ्यांसमोर. बाबा बोटांवर पुन्हा पुन्हा तिथी मोजत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी हिलरीला राहवलं नाही. "बाबा, चूक माझी. मला ठाऊक होतं."

बाबांची बोटं थांबली. "ठाऊक होतं? आणि तू मला बोलू दिलंस?"

"तुमचा मान राहावा म्हणून..."

"सांगितलं असतंस तर शिकलो असतो रे. शिकायला कसली लाज? ही लाज तू दिलीस मला."

हिलरी तिथेच वाळूत मटकन बसला आणि रडला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. व्हिसा शिल्लक असताना ते परत गेले.

पुढच्या वर्षी आम्ही लीव्हवर वसईला गेलो. बाबा दारात जाळं विणत बसले होते. शेजारचा गणपत होडी काढायला निघालेला, त्याने हाक मारली, "डॉमनिककाका, आज पाणी कधी?"

स्वतःचं बंदर, स्वतःचं पाणी. झोपेतसुद्धा सांगितलं असतं त्यांनी.

"मला नाही रे कळत त्यातलं," बाबा म्हणाले. "ह्याला विचार. हा शिकलेला आहे."

गणपत हिलरीकडे बघत थांबला. मशीन राहिलं बहारीनला, पाचूबंदरचं पाणी हिलरीला कुठलं ठाऊक! तो मान खाली घालून उभा राहिला, आणि बाबा जाळं विणत राहिले.