अमावास्येआधी धाडलेला शिवराज

काल घात चतुर्दशी होती. शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात याच तिथीला करतात, म्हणून आमच्या जामबागच्या घरी काल शिवराज भावजींचं पान वाढलं. कारगिलच्या लढाईत ते गेले, त्यानंतर मी या घरात सून म्हणून आले. थोरल्या दिरांना मी पाहिलं ते फोटोतच, बाकी सगळं ऐकून माहीत.

बिदरकडची शेती सोडून मामंजी, म्हणजे आबासाहेब, इथे शहरात नोकरीला आले. मुलाने बँकेत लागावं ही त्यांची इच्छा. भावजी दिलसुखनगरला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जातो म्हणून निघायचे आणि मैदानावर धावायचे. सैन्यात भरती झाल्यावरच घरात कळलं.

"बाबा, बँक नक्को. बसून बसून मरंन मी."

"मग राहा उभा जन्मभर," मामंजी म्हणाले.

लढाईच्या त्या उन्हाळ्यात भावजी सुट्टीवर आले होते. सुट्टी संपायला थोडे दिवस उरलेले, पण पुढे अमावास्या आणि तिला लागून अधिक महिना. सासूबाई पंचांग उघडून बसल्या.

"अमावास्येच्या आधी नीघ."

"आई, तिकडं पंचांग कोण बघतंय?"

"मी बघते ना."

तळहातावर दही घालून त्यांनीच धाडलं. लवकर हजर झाले म्हणून भावजी पहिल्या तुकडीबरोबर वर डोंगरावर लढायला गेले. मागून आलेले खालीच राहिले. हे पुढे घरी भेटायला आलेल्या त्यांच्या सोबत्याने सांगितलं, आणि तो कौतुकानेच सांगत होता.

दरवर्षी सत्कारात कुणीतरी बोलतंच, "सुट्टी अर्धी टाकून हा वीर सीमेवर धावला." आई, म्हणजे सासूबाई, मान खाली घालून शाल घेतात. घरी आल्या की माझ्या हातात देतात, "ठेव कुठंतरी." तेव्हापासून त्यांनी कुणाच्या हातावर दही घातलेलं नाही. ते काम माझं.

आता आमच्या लेकीला, रसिकाला, लष्करी इस्पितळात नर्स म्हणून जम्मूला नेमणूक मिळाली. काल पानं उठल्यावर आईंनी नातीला विचारलं, "तिकीट कधीचं?"

"उद्याचं, आज्जी. सर्वपित्री अमावास्या आहे ना? बदलू का? आज रात्रीचंही मिळेल."

मी नेमाधर्माची बाई. बदल, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात आई बोलल्या.

"मीच धाडलं त्याला," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतात धावला. कुठला धावतोय? लोळत पडला होता. दोन दिवस राहतो म्हणत होता."

"आई, तुला काय ठाऊक होतं," हे म्हणाले.

"तू गप रे, गौतम." मग रसिकाला म्हणाल्या, "बदलू नकोस."

आज ती निघाली. देवाला नमस्कार झाला. मी दही-साखरेची वाटी घेऊन उभी होते, पण पोरीने हात आज्जीपुढे धरला.

"तू दे."

"चारूच्या हातचं घे."

"नक्को. तुझंच."

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. रसिका हात मागे घेईना. शेवटी आईंनी माझ्याकडून चमचा घेतला. थोडं दही फरशीवर सांडलं, उरलेलं तिच्या तळहातावर पडलं.

"सुट्टी मिळेल तेव्हा सगळी इथंच घालवायची," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवसापर्यंत. मी काही म्हटलं तरी ऐकू नकोस."