राजेश्रीमावशी आणि लय चांगली डायल

गंगाखेडात बोलतात, की राजेश्रीमावशीनं ज्या घड्याळाची डायल बदलली, त्या घरातलं एक माणूस बदलतं. आमच्या गल्लीतल्या सरजाबाई तर आवाज खाली पाडून सांगतात, "तिच्याकडं घड्याळ देऊ नगंस माय, घरातलं माणूस वळखू यायचं न्हाई."

खोटं आहे. माणूस आधीच बदललेलं असतं, घड्याळ मागून येतं. बाप अंथरुणाला खिळला, आई नावं विसरायला लागली, की पोरांना कपाटातलं चावीचं घड्याळ आठवतं. त्याची डायल डागाळलेली असते. मग नकली डायल बसवायची, आणि ती किती जमलीय ते मावशीनं सांगायचं. हे काम तिनं सासऱ्याकडून उचललं. नवरा मोबाइलच्या कव्हरांत रमलाय. डोळ्याला भिंग अडकवून ती एकेक आकडा बघते. वाईट नकलेला खदखदून हसते. चांगली निघाली की मात्र गप्प होते.

पिंगळीचा हरिओम भर उन्हात आला, तेव्हा मी दुकानातच होते. त्याचे वडील, चंद्रभानकाका, घरात बायकोच्या, कमलबाईंच्या हातचं पाणी घेत नव्हते.

"आईला म्हणायलेत, ही कमळ न्हाई, तिच्यासारखी कुणीतरी आणून बसवलीय," हरिओम म्हणाला. "फकत हातातलं घड्याळ बघून शांत व्हायचे. 'हे तरी माझं हाय' म्हणायचे. काल ते हौदात पडलं."

डायलचा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. मावशीनं दोन डायली काढल्या. हरिओमनं चटकन चकचकीत उचलली.

"ती लय चांगली हाय," मावशी म्हणाली. "आकड्यांची कड कापल्यासारखी साफ. रेघा काट्याच्या टोकाला बरोबर भिडायल्यात. म्हणून तर भ्या वाटायलंय."

"कशाचं?"

"भिजलेली उलटी कर. मागच्या खुंट्या चिकटवलेल्या हायत, अस्सलच्या पक्क्या झाळलेल्या असत्यात. तुझ्या बापाची डायलच नकली होती, आन् तीबी भिकार. हा सहा बघ, कलंडलाय. त्यांनी उमरभर ह्योच बघितलाय. ही दुसरी तशीच कलंडलेली हाय."

"बापाला भिकार डायल बसवू? लोक शेण घालतील तोंडात!"

मला हसू आवरेना. "मावशे, काकांना मोतीबिंदू हाय. चांगलीच चालंल. लाव पैज!"

"हरलीस तर?"

"महिनाभर कुणाची नक्कल न्हाई."

माझ्यासाठी हे उपासापेक्षा वाईट. कंडक्टर, सरजाबाई, बाजारात हाका मारणारे चंद्रभानकाका, सगळे माझ्या गळ्यात राहतात.

हरिओमच्या हट्टापायी मावशीनं चकचकीत डायल बसवली. दुसरी पिशवीत टाकली आणि आम्ही तिघं रेल्वेनं पिंगळीला गेलो.

काका ओसरीत बसले होते. हरिओमनं घड्याळ बांधलं. त्यांनी ते कानाला लावलं आणि हसले. मी मावशीला कोपर मारलं. मग त्यांनी मनगट उजेडात धरलं. हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे बदलले.

"हे बी बदललं," ते म्हणाले. "आन् हे आणणारा तू कोण?"

"बाबा, मी हरी."

"बरोबर. तसंच सांगायला लावलं असंल तुला. आवाज बी हुबेहूब काढायलास."

मावशीनं तिथंच बसून घड्याळ उघडलं, कलंडलेली डायल बसवली आणि काकांपुढं धरलं. ते काचेवरून अंगठा फिरवत राहिले.

"कमळे, पाणी आण."

कमलबाई तांब्या घेऊन धावत आल्या, निम्मं पाणी वाटेतच सांडलं. उरलेलं काका घटाघटा प्याले. मग हरिओमकडं बघत कमलबाईंना हळूच म्हणाले, "त्या पोराला घरात घेऊ नको. आपला न्हाई तो."

हरिओम आम्हाला स्टेशनवर सोडायला आला.

"तू बाबांचा आवाज काढतीस म्हणं," तो मला म्हणाला. "एकदा मला हाक मार की, त्यांच्यासारखी."

मी तोंड उघडलं. मावशीनं माझा दंड धरला, दुखेल इतका घट्ट.

"पैज हरलीस तू," ती म्हणाली.