मयताला सूट

त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कांदा साठवायची चाळ भरली. मी आत, ही बाहेर. ती पाटी उचलून द्यायची, मी आत सरकत सरकत कांदा पसरायचो. वैशाखाचं ऊन होतं, म्हणून उजाडताच लागलो होतो.

"हळू टाका. मार बसला की सडतो."

"माहितीये."

"माहितीये तर आपटता कशाला?"

लग्नापासून आमचं बोलणं असंच. यापेक्षा गोड बोलल्याचं मला आठवत नाही, आणि तिची तशी तक्रारही नव्हती.

मधे पाणी प्यायला बसलो तेव्हा तिने डोंगराकडे बघितलं. आमचं गाव चांदवड तालुक्यात, डोंगराला टेकून. आठवड्यापूर्वी गावातला एक म्हातारा वारला होता. त्याच्या सरणासाठी वर जिथे तोड झाली, तिथे खालूनही उघडं पडलेलं दिसत होतं.

"म्हातारा मूठभर, आन् झाडं बघा किती गेली," ती म्हणाली. "माझ्या टायमाला एकबी कुऱ्हाड वर जाता कामा नये."

"मग तुला काय रॉकेलवर जाळू?"

"ते तुमचं तुमी बघा. मी तर मेलेली आसन."

हे तिने शेवटचं म्हणून सांगितलं असं कुणी समजू नये. गावात कुणीही वारलं की ती हे म्हणायचीच, आणि मी रॉकेलचं म्हणायचोच.

नव्वद सालानंतर कधीतरी गावाने कुऱ्हाडबंदी केली होती. वनखात्याचा माणूस आला, समिती झाली. समितीत बाई पाहिजे म्हणून हिचं नाव घातलं. इतर गावांत अशी बाई सही करते आणि चहा करते. आमच्या गावाचं नशीब वेगळं निघालं. बंदी सगळ्यांनी हात वर करून मान्य केली. मग एकाने विचारलं, माणूस मेला तर काय करायचं? सरणाला लाकूड तर लागणारच. म्हणून ठरलं, दुसऱ्या कशाला तोडायचं नाही, पण मयताला सूट.

तेव्हापासून गावात माणूस गेला की रडणं सुरू व्हायच्या आधी कुऱ्हाडी निघायला लागल्या. सरणापुरतं लाकूड स्मशानात यायचं, बाकीचं कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या चाळीला. ही पायथ्याशी जाऊन उभी राहायची. "आरं, एवढ्यात आख्खी आळी जळंल!" पोरं तिला, वनखात्याच्या गार्डावरून, गार्डीणबाई म्हणायची.

"गार्डीणबाई, तुमाला चंदन आणू का?"

"आण की. पण आदी बापाला इचार, गोठ्याच्या मेढी कुठून आणल्या."

डोंगरावरचा झाडोरा कशाने गेला यावर आम्हा दोघांचं कधी जमलं नाही. मी म्हणायचो पावसाने गेला, म्हणजे न पडलेल्या पावसाने. मी बघितलेलं आहे. लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस मागे राहिला की सालईचा आधी शेंडा वाळतो, मग वाळणं खाली खाली येतं. डोंगरावर माती वीतभर नाही, खाली सगळा मुरूम. मुळं जाणार कुठे? मग वाळवी लागते, मग एखाद्या वावटळीत झाड आडवं. याच्यात माणसाने काय केलं?

ती म्हणायची, माणसाने वाळलेलं तोडलं. मग अर्धं वाळलेलं तोडलं. मग पुढे वाळणारच म्हणून हिरवं तोडलं. गवताला लवकर कोंब यावा म्हणून उन्हाळ्यात डोंगर पेटवला, त्यात रोपटी गेली. वाचलं ते बकरीने खाल्लं. झाडोरा नाही म्हणून माती वाहून गेली, आणि आता पावसाला नावं ठेवता.

"बकऱ्या तुझ्याबी होत्या," मी म्हणायचो.

"व्हत्या. म्हणून तर मला माहिती, बकरी काय सोडती ते. काय बी नाय सोडत."

आणि कांदा होताच. कांदा परवडायला लागला तशा घरोघर चाळी झाल्या, आणि चाळ काय हवेत उभी राहत नाही. कांद्याला पाणी पाहिजे म्हणून पायथ्याला बोअर झाले. दुष्काळातसुद्धा हिरवी राहायची ती पायथ्याची झाडं बोअरनंतर सुकली. आमची चाळही डोंगराच्याच लाकडाची, बंदीच्या आधीची. उभ्या मेढी धावड्याच्या, आडवी लाकडं अंजनाची. मेढ हिने धरली होती, ठोकली मी. त्यात लपवायचं काही नाही, गावात सगळ्यांचं तसंच.

बंदीनंतर मात्र जुन्या बुंध्यांना फुटवे आले. आधी गुडघ्याएवढे, मग माणूस आत गेला तर दिसणार नाही एवढे. ते दाखवून ती काही बोलली की मी पावसाचं नाव काढायचो नाही, कारण पाऊस काही वाढलेला नव्हता.

तर पाणी पिऊन उरलेला कांदा भरला. तिने शेवटची पाटी दिली, पदराने तोंड पुसलं, ओट्यावर बसली आणि म्हणाली, "छातीत भरून आल्यासारखं होतंय." पुतण्याने जीप काढली. चांदवडच्या डॉक्टरने नाडी धरली, सोडली, आणि माझ्याकडे न बघता पुतण्याला सांगितलं. त्याच जीपमधून परत आलो.

घरी आलो तर अंगण माणसांनी भरलेलं. देवळ्याहून लेक यायची होती. ती आली की दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं. पुतण्याने कामं वाटून दिली. कुणी कापड, कुणी मडकं. मी भिंतीला टेकून बसलो होतो. घराच्या मागे कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा दगडावर ठोकून पातं घट्ट करत होतं. तो आवाज मी ओळखतो.

"लाकडाला कोण चाललंय?" मी विचारलं.

"पोरं गेली बी वर," पुतण्या म्हणाला. "राहिलेली आता निघत्यात."

"माघारी बोलव सगळ्यांना. वखारीतून आणा."

"वखार आज बंद हाय तात्या. मी फोन लावला ना."

"तरी वरून नको."

"मग कुठून?"

तेवढ्यात माझा चुलतभाऊ पुढे आला. हा पण समितीत. "आरं, मयताला सूट हाय. नियमात बसतंय. तिनंच सही केली व्हती."

"सही केली. पटलं नव्हतं तिला."

"पण तुला तर पटलं व्हतं? तूच म्हणायचा ना, पावसानं जातंय सगळं, कुऱ्हाडीचं काय नाय म्हणून."

"माझं पटलेलं राहू दे. मयत तिचं हाय."

मी उठून चाळीकडे गेलो. मेढ हलवून बघितली. इतकी वर्षं वाळलेली, हाडासारखी टणक. पुतण्याला म्हटलं, "कांदा बाहेर काढा."

त्यांना वाटलं याचं डोकं फिरलं. चुलतभावाने खांद्यावर हात ठेवला. "आरं, सकाळीच भरला ना तुमी?"

"हो. अजून सडला नाय, काढायला सोपा जाईल."

मग मयताला आलेली माणसं पाट्या घेऊन चाळ उपसायला लागली. ओट्यावर बाया रडत होत्या, मागे पुरुष कांदा उपसत होते. एकजण सवयीने डागी कांदा निवडून वेगळा टाकायला लागला, त्याला म्हटलं, आज राहू दे. दुसऱ्याने पाटी वरूनच पालथी केली. "हळू टाक, मार बसतो," मीच ओरडलो. तो म्हणाला, "चुकलं तात्या," आणि पुढची पाटी खाली वाकून ओतली.

पत्रे उतरवले, मेढी उपटल्या. बाजूच्या बांबूच्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या, बांबू सरणात घालत नाहीत. सगळे खिळे काढायला वेळ नव्हता. लेक आली तेव्हा अंगणात कांद्याचा ढीग आणि चाळीच्या जागी नुसते खड्डे. आईला बघून, रडून झाल्यावर ती मागे आली.

"आबा, हे काय?"

"तुझ्या आईचं लाकूड."

ती फडकं घेऊन ढिगावर टाकायला लागली, ऊन लागू नये म्हणून. तो कांदा पुढे लासलगावला गेला, पडत्या भावात. चाळीत राहिला असता तर पावसाळ्यात चांगला गेला असता, हे मला नंतर बऱ्याच जणांनी येऊन सांगितलं. मला ते त्या दिवशीही माहीत होतं.

धावडा चांगला जळतो. दिवस मावळायच्या आत झालं.

परतताना पुतण्या माझ्या बाजूने चालत होता. म्हणाला, "तात्या, निरोप पोचायच्या आदीच पोरांनी एकाला हात घातला व्हता."

"कशाला?"

"धावड्याला. पार नाय पडला. लोंबतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड, पाण्याची कळशी आणि घमेल्यात शेण घेऊन मी निघालो. सुतकात माणूस घराबाहेर पडत नाही. लेक दारात आडवी आली. "आबा, लोक काय म्हणतील?" म्हटलं, चाळीचं म्हणतच असतील, त्यात हे पण म्हणतील.

धावडा मांडीएवढा झालेला, जुन्या बुंध्यावर फुटलेला. कमरेच्या उंचीवर निम्मा तोडून सोडला होता, सालीवर लटकत होता. असा ठेवला तर चिरेत पाणी मुरतं, वाळवी लागते, बुंधासुद्धा जातो. जमिनीलगत तिरका, साफ तोडला तर पुन्हा फुटतो. हे मला तिने शिकवलेलं नाही, एवढं माझं मला येतं. मी खाली बसून तोडला. पडलेलं खोड तिथंच ठेवलं. खाली नेलं असतं तर ते मयताचं झालं असतं.

बकऱ्या घेऊन एकजण वर येत होता. लांबूनच ओरडला, "गार्डीणबाईच्या घरात कुऱ्हाड!" मग जवळ येऊन त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोक्यावरचं फडकं काढलं. "कालचं कळलं, तात्या. जीभ घसरली."

"बकऱ्या तिकडच्या अंगाने घे."

"रोजची वाट हाय ही."

"आजपासून तिकडनं."

तो बकऱ्या वळवायला लागला. दोन-तीन बकऱ्या ताज्या पाल्याकडे ओढ घेत होत्या, त्यांना त्याने दगड मारले. मी मातीत शेण कालवून बुंध्याच्या तोंडावर लिंपलं. बोरीच्या काट्या तोडून भोवती लावल्या, वर दगड ठेवून दाबल्या, आणि शेवटची बकरी डोंगराच्या धारेपलीकडे जाईपर्यंत तिथंच बसलो.