तीन प्रश्न आणि माझी बोटं

डिंडोलीतल्या आमच्या मराठी शाळेच्या मुली कबड्डीत जिंकायला लागल्या, तेव्हा आम्हाला आकाश ठेंगणं झालं होतं. संघाची हुकमी चढाई माझ्या शेजारणीची, मी बचावात. आम्ही नववीत होतो. ती 'कबड्डी कबड्डी' करत निघाली आणि दोघींना बाद करून परतली की मी नाचायचे.

डोक्याला मार बसला की सर त्या मुलीला बाजूला घेऊन तीन गोष्टी विचारत: आज वार कोणता, आपले गुण किती, समोरचा संघ कुठला? उत्तर चुकलं की खेळ बंद. नियम सोन्यासारखा होता. पण परीक्षा म्हटली की आम्हाला आधी कॉपी सुचायची. सोमवारला एक बोट, मंगळवारला दोन. गुणही बोटांवर, संघाचं नाव ओठ हलवून. ही अक्कल माझी, आणि तिचा मला भारी अभिमान होता.

शनिवारी उपांत्य सामन्यात तिच्या कपाळावर कुणाचा तरी गुडघा बसला. सरांच्या पाठीमागून मी सहा बोटं दाखवली. ती पास झाली. घरी टेंगळाला हळद-चुना लावला. चाळीच्या नळावर ती मला हळूच म्हणाली, "डोकं ठणकी ऱ्हायनं."

"सकाय फायनल शे. कोनले सांगू नको," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फायनलला समोर पलसाण्याच्या मुली. काय सामना झाला तो! अख्खी चाळ मैदानाच्या कडेला उभी, आम्ही एका गुणाने मागे. तिने चढाईत एकीला शिवलं, पण परतताना दुसरीच्या डोक्यावर तिचं डोकं खाडकन आपटलं; तरी तिने रेष गाठली आणि बरोबरी झाली. सर धावले. मी सात बोटं दाखवली. ती पुन्हा पास.

पुढच्या चढाईला तिने दम घेतला, वळली आणि आमच्याच अंगावर आली. माझ्या खांद्याला शिवून ती मागे पळाली. लोक हसले. मीही हसले. मग ती खाली बसली आणि ओकायला लागली.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं, "बेटा, आजे कयो वार छे?"

तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझे हात शोधत होती. मी ते पाठीमागे घेतले. दवाखान्याच्या बाकावर मी सरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते डोकं धरून बसले.

डॉक्टर म्हणाले, पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसलाय. आता मेंदूला विश्रांती. खेळ नाही, अभ्यास नाही, टीव्ही नाही. मी रोज शाळा सुटली की हात मागे बांधून तिच्या दारात उभी राहायचे आणि वार विचारायचे. कधी ती चुकायची, कधी नुसती रडायची. मी घरी येऊन जेवायचे नाही.

असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "आज शुक्रवार शे. अन् तू रोज हात मांगे कसाले लपाडस?"

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मी हात पुढे आणले. उजव्या हाताची पाचही बोटं आपोआप उघडलेली होती, आणि वार सांगताना तिने ती पाहिली नव्हती.